लीजची वर्षं मोजा, आणि वाट पाहण्याचाही हिशोब मांडा



आज ना स्वयंपाकघरातला विषय आहे, ना स्वाध्यायातला. आज घराच्या हिशोबाबद्दल लिहिणार आहे. सांगली, कोल्हापूर, पुण्याकडच्या ज्या आईवडिलांची मुलं इंग्लंडमध्ये फ्लॅट घेतात, त्यांनी हे वाचावं. इथे माझ्यासारखा संसार करून स्थिरावलेल्यांनी तर वाचावंच.

मुलगा किंवा लेक इथे फ्लॅट घेते तेव्हा डिपॉझिटसाठी तिकडून एफडी मोडली जाते. मग घरच्यांचे प्रश्न सुरू होतात. स्टेशन किती लांब? शाळा कशी आहे? ऊन येतं का? देरासर जवळ आहे का? सगळे प्रश्न योग्यच आहेत. पण एक प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: लीज किती वर्षांचं उरलंय?

फ्लॅट आपला, पण मुदतीपुरता

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट बहुधा लीजहोल्ड असतो. म्हणजे आपण पूर्ण किंमत मोजतो, पण विकत घेतो ती ठरावीक वर्षांची मुदत. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची. मुदत संपली की कागदोपत्री फ्लॅट त्याच्याकडे परत जातो. शिवाय लीजमध्ये लिहिलं असेल तर दरवर्षी ग्राउंड रेंट, म्हणजे भुईभाडं, द्यायचं. इमारतीची दुरुस्ती, विमा, जिन्यातले दिवे यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

आपल्याकडच्या लोकांना भाडेपट्टा हा शब्द नवा नाही. नवी मुंबईत सिडकोने जमिनी ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. मुंबईतही सरकारी आणि महापालिकेच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींवर कितीतरी सोसायट्या उभ्या आहेत. पण फरक लक्षात घ्या. तिकडे भाडेपट्टा बहुधा जमिनीचा असतो, सोसायटीच्या नावे असतो आणि समोर सरकार किंवा सरकारी संस्था असते. इथे प्रत्येक फ्लॅटचं लीज वेगळं असतं आणि समोर बऱ्याचदा एखादी खासगी कंपनी असते, जिने फ्रीहोल्ड गुंतवणूक म्हणून घेतलेलं असतं. त्यामुळे "सोसायटी बघेल काय ते" ही आपली सवय इथे कामाची नाही. आपल्या फ्लॅटचं लीज आपणच वाढवून घ्यायचं असतं.

वर्षं मोजायची कशी? फ्लॅट आपण कधी घेतला याच्याशी त्याचा संबंध नाही. लीज मुळात कोणत्या तारखेपासून सुरू झालं ते पाहायचं. १९८५ साली १२५ वर्षांचं लीज दिलं असेल तर ते २११० साली संपणार, मधे पाच मालक बदलले तरीही. म्हणजे २०३० साली त्याची बरोबर ८० वर्षं उरतील. या ८० च्या आकड्यावरच आजचा सगळा विषय उभा आहे.

कायदा काय देतो

१९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला हक्क दिला. मूळ लीज २१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं असेल, तर उरलेल्या वर्षांत आणखी ९० वर्षं मिळवता येतात आणि भुईभाडं शून्य होतं. त्या बदल्यात फ्रीहोल्डरला एकरकमी प्रीमियम द्यायचा. पूर्वी फ्लॅट नावावर होऊन दोन वर्षं व्हावी लागत. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. आता घर नावावर नोंदलं गेलं की लगेच मागणी करता येते.

प्रीमियमचे भाग तीन. पहिला, पुढच्या वर्षांचं भुईभाडं बुडतं त्याची भरपाई. दुसरा, लीज संपल्यावर फ्लॅट परत मिळायचा होता, तो आता ९० वर्षं उशिरा मिळणार, त्याची भरपाई. हे दोन्ही समजण्यासारखे आहेत.

तिसऱ्याचं नाव मॅरेज व्हॅल्यू. लीज लांबलं की फ्लॅटची किंमत वाढते. ही वाढ आपला आणि फ्रीहोल्डरचा हक्क एकत्र आल्यामुळे झाली असं धरतात आणि तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरला जातो. लग्न दोघांचं, आहेर मात्र एकाच बाजूने! २००२ च्या कायद्याने यात एक सवलत दिली. लीजची ८० पेक्षा जास्त वर्षं उरलेली असतील तर मॅरेज व्हॅल्यू शून्य धरायची. ८० किंवा त्याखाली आलात की अर्धा वाटा द्यायचा.

आकडे मांडून पाहू

मी कॉमर्सची. आकडे मांडल्याशिवाय मला पटत नाही. समजा, लांब लीज असताना एका फ्लॅटची किंमत ३ लाख पौंड आहे आणि भुईभाडं वर्षाला १०० पौंड. शेवटी मिळणाऱ्या फ्लॅटची आजची किंमत काढायला सध्या साधारण ५ टक्के दर वापरतात. भुईभाड्यासाठी मी ६ टक्के धरले आहेत. चक्रवाढ व्याजाचा कोष्टक उलटा वाचायचा, इतकंच.

८१ वर्षं उरली असताना मागणी केली तर प्रीमियम येतो सुमारे ७,३५० पौंड. मॅरेज व्हॅल्यू नाही.

७९ वर्षं उरली असताना, आणि लीज आखूड झाल्यामुळे फ्लॅटची किंमत २ लाख ८५ हजार धरली, तर पहिले दोन भाग सुमारे ७,९५० आणि मॅरेज व्हॅल्यूचा अर्धा वाटा सुमारे ३,५००. एकूण ११,४५० च्या आसपास.

७५ वर्षं उरली असताना, फ्लॅटची किंमत २ लाख ७६ हजार धरली, तर पहिले दोन भाग सुमारे ९,३०० आणि अर्धा वाटा सुमारे ७,३५०. एकूण १६,६५० च्या आसपास.

आखूड लीजच्या किमती मी उदाहरणासाठी धरल्या आहेत. खरा आकडा सर्व्हेअर काढतो, आणि दोन बाजूंच्या सर्व्हेअरचं भांडण बहुधा त्याच आकड्यावरून होतं. पण दिशा बदलत नाही. ८१ वरून ७९ वर येताना दोन वर्षांत चार हजारांची उडी. त्यातलं साडेतीन हजार फक्त एक रेषा ओलांडल्याबद्दल.

यावर कोणी म्हणेल, "आम्हाला कुठे विकायचाय फ्लॅट?" पण घर विकायची वेळ सांगून येत नाही. नोकरी बदलते, आजारपण येतं, वाटणी होते. बँकाही आखूड लीजवर कर्ज द्यायला कां-कूं करतात. घेणाऱ्याला कर्ज मिळालं नाही की तो किंमत पाडूनच मागतो.

"नवा कायदा येतोय, थांबू या"

सध्या सगळीकडे हेच ऐकते. त्यात तथ्य आहे. २४ मे २०२४ रोजी, निवडणुकीआधी संसदेचं काम आटोपण्याच्या दिवशी, लीजहोल्डचा नवा कायदा मंजूर झाला. त्यात ९० ऐवजी ९९० वर्षं मिळतील असं आहे. मॅरेज व्हॅल्यू जाणार आहे. प्रीमियम काढताना भुईभाडं फ्लॅटच्या किमतीच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त धरता येणार नाही. फ्रीहोल्डरचा खर्चही सरसकट आपल्या माथी येणार नाही.

पण कायदा मंजूर होणं वेगळं आणि त्याची कलमं लागू होणं वेगळं. दोन वर्षांची अट गेली, ते कलम लागू झालं. प्रीमियमची कलमं हा लेख लिहीपर्यंत लागू झालेली नाहीत. मोठ्या फ्रीहोल्डरांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिलं. आमच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला येतो, असं त्यांचं म्हणणं. लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते फेटाळलं. तरीही भरपाईसाठी व्याजाचा कोणता दर वापरायचा हे सरकारने ठरवायचं आहे. तो दर वर गेला तर प्रीमियम कमी होईल, खाली आला तर वाढेल. म्हणजे मॅरेज व्हॅल्यू गेली तरी बाकीचे दोन भाग आजच्याएवढेच राहतील, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

मग थांबायचं की नाही? माझं मत असं, की या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. वाट पाहणं हासुद्धा व्यवहारच आहे. त्यात काय जाईल आणि काय मिळेल, हे दोन बाजूंना लिहून पाहावं.

ज्यांची ८० ते ८३ वर्षं उरली आहेत त्यांनी थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांना आज मॅरेज व्हॅल्यू द्यावीच लागत नाही. मग नव्या कायद्याने ती गेली, तर यांचं वाचणार काय? मुख्यतः ९० ऐवजी ९९० वर्षं मिळतील, एवढंच. आणि ८१ अधिक ९० म्हणजे १७१ वर्षं, नातवंडांच्या नातवंडांनाही पुरतील. उलट कायदा रेंगाळला आणि ८० ची रेषा ओलांडली गेली, तर हजारो पौंडांचा फटका. मिळायचं थोडं आणि जायचं खूप, असा सौदा शहाणा माणूस करत नाही.

ज्यांची ८० पेक्षा कमी उरली आहेत आणि दोन-तीन वर्षांत विकायचं किंवा नवं कर्ज काढायचं नाही, त्यांची गोष्ट वेगळी. वरच्या ७५ वर्षांच्या उदाहरणात कायदा लागू झाला तर सात हजारांवर वाचू शकतात. थांबल्याने दरवर्षी प्रीमियम सुमारे तेराशेने वाढेल. अशांनी एखाद-दोन वर्षं थांबणं मूर्खपणाचं नाही. पण थांबायची मुदत स्वतः ठरवून लिहून ठेवावी. "बघू" म्हणत दहा वर्षं काढू नयेत.

आणि ज्यांना विकायचं आहे, किंवा लीज साठीच्या घरात आलंय, त्यांनी कायद्याच्या भरवशावर राहूच नये. घेणारा उद्याच्या कायद्याची किंमत देत नाही, आजच्या लीजची देतो.

मॅरेज व्हॅल्यू जायलाच हवी

आता थोडं न्यायाबद्दल. फ्रीहोल्डरांचा युक्तिवाद मी समजून घेतला. दोन हक्क एकत्र आल्यावर जी किंमत वाढते तिला दोघेही कारण आहेत, तेव्हा निम्मं-निम्मं बरोबर, असं ते म्हणतात. शिवाय काही फ्रीहोल्ड धर्मादाय संस्थांचे आणि पेन्शन फंडांचेही आहेत, त्यांचं नुकसान का करावं?

पण जरा पाहा. फ्रीहोल्डरचं जे खरोखर जातं, म्हणजे भुईभाडं आणि शेवटी परत मिळणारा फ्लॅट, त्याची भरपाई पहिल्या दोन भागांत पूर्ण मिळते. तिसरा भाग नुकसानीचा नाहीच. राहणाऱ्याला दुसरा पर्याय नाही, त्या अडचणीची ती किंमत आहे. हे लीज वाढवून द्यायला जगात दुसरं कोणी नाही. माल एकाच दुकानात मिळतो म्हणून दुकानदाराने जास्त भाव लावला, तर आपण त्याला सचोटीचा व्यापारी म्हणत नाही. त्यातून छप्पर गळलं, लिफ्ट बंद पडली, तर त्याचा खर्च इतकी वर्षं सर्व्हिस चार्जमधून आपणच भरलेला असतो.

आणखी एक. ही रेषा सर्वांत जास्त लागते ती ज्यांना ठाऊक नाही त्यांना. वकील-सर्व्हेअर हाताशी असलेला माणूस ८१ व्या वर्षीच नोटीस देतो. म्हातारी बाई, एकटा राहणारा निवृत्त माणूस, इंग्रजी कागद वाचायला कचरणारी आपली एखादी मावशी, यांना ७८ व्या वर्षी कळतं. अज्ञानावर चालणारी कमाई कायद्याने बंद करावी, आणि मंजूर केलेली कलमं लवकर लागू करावीत, असं मला वाटतं. इथे मत असलेल्यांनी आपल्या खासदाराला तसं पत्र लिहावं. कायदा होईपर्यंत मात्र आपला हिशोब आपणच सांभाळायचा.

करायचं कसं

पहिलं, लीजची आणि टायटलची प्रत काढा. लँड रजिस्ट्रीकडून थोड्या पौंडांत मिळते. सुरू झाल्याची तारीख आणि मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. विकणाऱ्याच्या जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका.

दुसरं, लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी पैशावर चालणारी संस्था सुरुवातीचा सल्ला फुकट देते. आधी तिथे विचारा. मग लीज वाढवण्याचं काम नेहमी करणारा सर्व्हेअर आणि सॉलिसिटर निवडा. घर खरेदीची कागदपत्रं करणाऱ्या प्रत्येकाला हे काम येतंच असं नाही.

तिसरं, कलम ४२ ची नोटीस. ती ज्या दिवशी दिली त्या दिवशीची वर्षं आणि त्या दिवशीची किंमत धरतात. म्हणून ८० च्या जवळ असाल तर बोलणी लांबली तरी चालेल, नोटीस मात्र वेळेत गेली पाहिजे. नोटिशीत आपण देऊ केलेली रक्कम प्रामाणिक हवी आणि नोटीस योग्य फ्रीहोल्डरलाच जायला हवी. चूक झाली तर ती रद्द ठरू शकते. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावे असेल तर दोघांच्याही नावाने द्यावी. उत्तरासाठी फ्रीहोल्डरला निदान दोन महिने द्यावे लागतात. तो देऊ केलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यांतलं जे जास्त असेल ते, अनामत मागू शकतो.

चौथं, रक्कम जुळली नाही तर फ्रीहोल्डरच्या उत्तरानंतर दोन महिन्यांनी, पण सहा महिन्यांच्या आत, ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा. ही सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. ती चुकली की नोटीस गेली आणि नवी द्यायला बारा महिने थांबावं लागतं. त्या बारा महिन्यांत ८० ची रेषा ओलांडली गेली तर पहिल्या मेहनतीचा काही उपयोग नाही.

पाचवं, खर्चाची तयारी. सध्याच्या कायद्याप्रमाणे प्रीमियमशिवाय आपला सॉलिसिटर, आपला सर्व्हेअर, आणि फ्रीहोल्डरचा याच कामाचा वाजवी खर्चही आपल्याकडेच असतो.

सहावं, फ्रीहोल्डरचं गोड पत्र आलं तर घाई नको. "कायद्याच्या भानगडीत न पडता आपसात करू, स्वस्तात पडेल," असं लिहिलेलं असतं. कधी कधी ते खरंही असतं. पण नीट वाचा. किती वर्षं देतात, पूर्ण ९० वाढवतात की एकूण ९९ करून देतात? भुईभाडं लगेच शून्य होतं, की जुनी मुदत संपेपर्यंत चालूच राहतं? लीजमध्ये नवी कलमं घुसवली आहेत का? आज पाचशे पौंड वाचवून पुढे पन्नास वर्षं भुईभाडं भरायचं असेल तर ते स्वस्त कसं?

फ्लॅट नवीन घेत असाल तर आणखी एक गोष्ट. लीज ८० च्या जवळ असेल तर विकणाऱ्यालाच नोटीस द्यायला लावून ती आपल्या नावे करून घेता येते, किंवा प्रीमियमचा अंदाज काढून तेवढी किंमत कमी मागता येते. "लीज काय, नंतर वाढवता येतं," असं एजंट म्हणाला तर त्याला एवढंच विचारा: किती पौंडांत, आणि कोणाच्या?

अनित्य म्हणजे बेफिकिरी नव्हे

हे बोलायला लागले की कोणी तरी म्हणतं, "सगळं अनित्यच आहे, घराचं काय घेऊन बसलीस?" बारा भावनांत पहिली अनित्य भावना, हे खरं. पण मला ती वेगळी समजते. संपणारी गोष्ट संपणारी आहे हे डोळे उघडे ठेवून पाहणं, ही ती भावना. लीजकडे न बघता "आपलं घर आहे" म्हणत बसणं, हा तर मोह झाला. आणि परिग्रहाचं परिमाण घ्यायचं तर आधी आपल्याकडे काय आहे आणि किती आहे, ते मोजावं लागतंच.

तेव्हा दिवाळीत वहीपूजनाला नवी वही काढाल तेव्हा पहिल्या पानावर विम्याच्या आणि एफडीच्या तारखांखाली एक ओळ वाढवा: लीज संपण्याचं साल आणि ८० वर्षं उरतील ते साल. मुलांचा फ्लॅट असेल तर आज रात्री फोनवर त्यांना हे दोन आकडे विचारा. सांगता आले नाहीत तर रागावू नका. लँड रजिस्ट्रीतून प्रत काढायला सांगा आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.